गूगलचे संशोधन मोजताना

कंपनीच्या नावावरील शोधनिबंध आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स (इतर निबंधांत झालेले त्यांचे उल्लेख) यांची बेरीज केली की तिचा संशोधनातील प्रभाव कळतो, असे एक मत आहे. गूगलपुरते पाहिले तरी ही बेरीज अपुरी पडते, असे मला वाटते. गूगलचे अभियंते जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली मॅपरिड्यूसवरील (प्रचंड माहिती अनेक संगणकांवर वाटून हाताळणाऱ्या प्रणालीवरील) निबंध एका परिषदेत मांडला, तेव्हा कंपनीने त्या प्रणालीचा कोड खुला केला नव्हता. तरीही निबंधातील वर्णनाच्या आधारे गूगलबाहेरच्या डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी हडूप या तशाच, पण खुल्या प्रणालीची पायाभरणी केली आणि पुढे कितीतरी कंपन्यांची माहिती त्यावर हाताळली गेली. आता हडूप वापरून संशोधन करणारा प्रत्येक जण मूळ निबंधाचा उल्लेख करतोच असे नाही, त्यामुळे प्रभावाचा हा मोठा भाग संदर्भसूचीत उतरतच नाही.

नियतकालिकांसाठी बेतलेला इम्पॅक्ट फॅक्टरही (नियतकालिकातील लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात, याचे माप) येथे फारसा कामाचा नाही, कारण संगणकशास्त्रातील बरेचसे महत्त्वाचे काम परिषदांमध्येच प्रसिद्ध होते.

श्रेय कोणाच्या खाती मांडायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. पेजरँकचे (दुव्यांवरून वेबपानांचे महत्त्व ठरवणाऱ्या, गूगल शोधाचा पाया असलेल्या पद्धतीचे) काम स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले, म्हणून ते गूगलच्या खाती धरू नये. ट्रान्सफॉर्मरवरील (आजच्या एआय भाषा-मॉडेल्सचा पाया असलेल्या रचनेवरील) २०१७ चा निबंध मात्र गूगलचाच, जरी त्याच्या आठही लेखकांनी पुढे कंपनी सोडली (त्यांपैकी एक नंतर परतले). निबंध लिहिताना लेखक जेथे कार्यरत होता तीच संस्था ग्राह्य धरावी आणि बाहेरच्यांनी ते काम स्वतंत्रपणे उभारून दाखवले का, याची नोंद सायटेशन्सपासून वेगळी ठेवावी.