प्रतिसाद: ‘बरा झालेला कुठलाही मुलगा चालेल’ याबद्दल

वर मुद्दा आलाय की ब्रेन ट्यूमरमधून बरा झालेला कुणीही मोठा मुलगा त्याच आजारातून जाणाऱ्या लहानाला धीर आणि माहिती देणारा सोबती म्हणून चालेल. नाही चालत. जोडी गाठीच्या नावावरून नको, आजार-उपचारांचा मागे काय त्रास उरलाय त्यावरून लावा. मेड्युलोब्लास्टोमात (लहान मुलांमधली मेंदूची एक कॅन्सरची गाठ) डोक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलाच्या विचाराचा वेग बरेचदा मंदावतो. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधामुळे वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जाऊ शकतं, म्हणजे ‘स’, ‘श’ निसटतात आणि गोंगाटात तर बोलणं कळणं फारच अवघड होतं. त्यामुळे कॅन्टीनमधली भेट फुकट जाते. शांत खोली, समोरासमोर बसणं, अर्धा तास, एका वेळी एकच प्रश्न. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. सोबत्याची घाई आणि शेजारी बसून उत्तरं देणारी आई, बहुतेक भेटी या दोन गोष्टींनी बिघडतात. (आईला चहाला पाठवा, तिलाही बरं वाटतं.) ठरलेलं दोन ओळींत व्हॉट्सॲपवर पाठवा, कारण तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

सोबत्याला नेमकी माहिती हवी. उदाहरणार्थ, 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर लेखी परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. औषधांवर मात्र त्याने बोलू नये. शंट (मेंदूत साठणारं पाणी काढून देणारी आत बसवलेली नळी) असलेल्या मुलाला डोकेदुखी, उलटी आणि गुंगी दिसली तर गप्पा थांबवून थेट हॉस्पिटल.

आणि सोबत्याचाच आजार परत आला तर लहानाला कोण, कसं सांगणार, हे पहिल्या भेटीआधी ठरवा.