एफबीआयच्या फायलीतले ‘टी-१’ म्हणजे खबरेच का?

प्रश्न: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या फायलीत (१००-१०६६७०) स्रोत म्हणून ‘टी-१’, ‘टी-२’ येतात. ही माणसंच ना?

उत्तर १: नेहमी नाही. टी-क्रमांक त्या अहवालापुरताच. पुढच्या अहवालात टी-१ दुसराच असू शकतो. त्यामागे टॅप केलेला फोन किंवा लपवलेला मायक्रोफोनही असतो. दोन अहवालांतले टी-१ एकच धरून कुणाचंही नाव घेऊ नका; निर्दोष माणसावर कायमचा डाग लागतो.

उत्तर २: खबऱ्याचा कायमचा क्रमांक वेगळा. उदा. ‘एमई ३३८-आर’: एमई म्हणजे मेम्फिस कार्यालय, आर म्हणजे वंशविषयक खबऱ्या. हा क्रमांक छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स यांचा. जाहीर झालेल्या कागदांवर तो खोडायचा राहून गेला, आणि ते खबरे होते हे २०१० मध्ये बाहेर आलं. किंग यांच्या नागरी हक्क चळवळीने घरात घेतलेला माणूस होता तो!

प्रश्नकर्ता: म्हणजे आधी कार्यालयाची अक्षरं पाहायची. आभार.