शब्दचर्चा: 'चेन ट्रान्सफर'ला साखळीखंडन म्हणावं का?

चेंबूरकर: रेझिन प्लँटच्या ऑपरेटरांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. एक वाक्य असं: 'द्रावकामुळे साखळीखंडन होऊन बहुवारिकीकरणाचा वेग मंदावतो.' बहुवारिकीकरण म्हणजे पॉलिमरायझेशन, मोनोमरचे छोटे रेणू जोडून लांब साखळ्या बनणं; साखळीखंडन म्हणजे चेन ट्रान्सफर. कळेल ना? आणि द्रावक की विद्रावक?

माटुंगेकर: शाळेच्या पुस्तकांत द्रावक, विश्वकोशात विद्रावक. कुठलाही घ्या, सोबत सॉल्व्हंट लिहाच. वडगादीच्या केमिकल बाजारात 'दोन ड्रम द्रावक द्या' म्हणालात तर दुकानदार नुसता बघत बसेल.

साखळीखंडन मात्र नको. त्यातून तयार साखळीचे तुकडे पडल्यासारखं वाटतं. इथे वाढत्या साखळीच्या टोकाचा मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, एकटा इलेक्ट्रॉन असलेलं क्रियाशील टोक) द्रावकाचा, म्हणजे टोल्युइनचा, हायड्रोजन ओढून घेतो. ती साखळी तिथेच मिटते, आणि टोल्युइनवर उरलेला मूलक नवी साखळी सुरू करतो. दादरला गाडी बदलली, प्रवास चालूच. मी 'साखळीबदल' म्हणेन. वेग यात जवळपास तोच राहतो, साखळ्या आखूड होतात. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये तर फारच: ६०° सेल्सिअसला स्टायरीन या मोनोमरसाठी त्याचा साखळीबदलाचा स्थिरांक (हा बदल किती सहज होतो त्याचा आकडा) टोल्युइनच्या कित्येक शे पट आहे.

चेंबूरकर: पण टोल्युइन वाढवलं की बॅच रेंगाळते, हे रोज बघतो!

माटुंगेकर: रेंगाळणारच, कारण वेगळं. मोनोमर विरळ होतो आणि वेग त्याच्या संहतीवर (कॉन्सन्ट्रेशनवर) चालतो. उलट द्रावक नसेल तर माल घट्ट होत जातो, दोन मूलकांना एकमेकांना गाठून संपता येत नाही, वेग भडकतो आणि उष्णताही लवकर बाहेर पडत नाही. तिथे 'मंदावतो'पेक्षा 'आटोक्यात राहतो' नेमकं.

ठाकुरद्वार: 'द्रावकामुळे वेग कमी' हे सरसकट विधानच काढा. परक्लोरिक आम्लाने स्टायरीनचं धनायनी (मूलकाऐवजी धन आयनामार्फत होणारं) बहुवारिकीकरण केलं, तर वेगस्थिरांक कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये ०.००१२ आणि १,२-डायक्लोरोइथेनमध्ये १७. दहा हजार पटींहून जास्त! ध्रुवीय द्रावकात आयनांची जोडी सुटी होते, म्हणून.

माटुंगेकर: खरंय, पण रेझिनच्या ऑपरेटरला त्याचं काय? वाक्याची दोन करा: 'टोल्युइन वाढवल्यास मोनोमर विरळ होऊन वेग कमी होतो. साखळीबदलामुळे साखळ्या आखूड होऊन रेझिनची व्हिस्कॉसिटी उतरते.' आणि बहुवारिकीकरणाऐवजी सरळ पॉलिमरायझेशन लिहा. रात्रपाळीत एवढा लांब शब्द कोण वाचतंय!