बांगलातल्या 'ॲ'ला स्वतःचा कोड का नसावा?

टंकमंजिरी:
सध्या बांगला टंकायला शिकते आहे आणि एक गोष्ट डोक्यात जाते. 'बँक' लिहायची तर ब, हसन्त (आपला हलन्त, पाय मोडायची खूण), य, आ-कार, अनुस्वार, क. म्हणजे चक्क 'ब्यांक', आणि वाचायचं 'बॅंक'. शब्दाच्या सुरुवातीला 'ॲ' हवा असेल तर आणखी गंमत: 'अ' या स्वराला हसन्त लावायचा, मग य आणि आ-कार. स्वराचा पाय मोडायचा! आपल्या शाळेत छडी मिळाली असती. मराठीच्या 'ॲ'ला युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे कोड, देणाऱ्या तक्त्याच्या) ५.१ आवृत्तीत, २००८ साली, स्वतंत्र जागा मिळाली. वीस कोटींहून जास्त बांगलाभाषकांना या स्वरचिन्हासाठी तीन कोड का?

अर्धमात्रा:
कारण ते 'ॲ'चं चिन्ह नाहीच. 'विद्या' बांगलात लिहा: द, हसन्त, य, आ-कार. उच्चार 'बिद्दा'. दिसायला तीच खूण, 'ॲ'चा पत्ता नाही. आता 'व्याकरण' घ्या. शब्द संस्कृत, उच्चार 'बॅकोरोन'च्या जवळ. इथे तुमचा नवा कोड वापरायचा की जुना य-फला, म्हणजे हसन्त आणि 'य' मिळून होणारी ती खूण? छापून दोन्ही सारखेच दिसणार. निम्मे लोक हा टंकतील, निम्मे तो, आणि शोधताना बोंब. उलट 'एक' हा शब्द 'ॲक' म्हणतात, पण लिहितात साध्या 'ए'ने. कोड लिहिलेल्या खुणेला असतो हो, उच्चाराला नाही.

टंकमंजिरी:
मग ओ-काराचं काय? ए-कार व्यंजनाच्या डावीकडे, आ-कार उजवीकडे, असा तो दोन तुकड्यांत बसतो. तरी त्याला ०९सीबी हा स्वतःचा कोड आहेच.

अर्धमात्रा:
आहे, पण 'ओ-कार म्हणजेच ए-कार अधिक आ-कार' हे युनिकोडमध्येच नोंदलेलं आहे. प्रमाणीकरण केलं, म्हणजे सगळी लेखनं एका ठरलेल्या रूपात आणली, की दोन्ही एक होतात. तुमच्या चिन्हाला आज तसं नातं दिलं, तर प्रमाणीकरणात ते पुन्हा तीन तुकड्यांत मोडणार, कारण जुन्या मजकुराचं प्रमाणित रूप बदलायचं नाही असा नियम आहे. नातं नाही दिलं, तर दिसायला जुळे आणि संगणकाला परके असे शब्द.

दऱ्याखोऱ्या:
हे जुळ्यांचं दुखणं आपल्याच घरात आहे. आपल्या 'ॲ'ला कोड दिला, पण 'अ'वर चंद्र देऊन केलेल्या रूपाशी त्याचं नातं जोडलं नाही. माझ्याकडच्या एका शब्दयादीत 'ॲसिड' दोन्ही तऱ्हांनी होतं. शोधलं की निम्मीच सापडायची. वर कोणी मध्ये झेडडब्ल्यूजे (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारा, न दिसणारा कोड) घुसवलेला, तो तिसरा प्रकार. मंजिरीताई, तुम्ही ज्याचा हेवा करताय ते हे.

टंकमंजिरी:
मान्य, पण 'रॅब' लिहून दाखवा. बांगलादेशातल्या त्या पोलीस दलाचं नाव. र, हसन्त, य असं टंकलं की 'र'चा रफार होऊन 'य'च्या डोक्यावर बसतो. तो टाळायला र आणि हसन्ताच्या मध्ये अदृश्य झेडडब्ल्यूजे घालायचा. कुठल्यातरी सॉफ्टवेअरने तो गाळला की नाव बिघडलं. आपलं 'दर्या' आणि 'दऱ्या' हेच, फक्त आपल्याकडे 'ऱ'चा वेगळा कोड मदतीला आहे.

अर्धमात्रा:
हा मुद्दा खरा आहे. पण मग मागायचाच तर य-फलासाठी कोड मागा ना! बँक, विद्या, व्याकरण, रॅब, चारही एका फटक्यात. 'ॲ'साठी कशाला?

टंकमंजिरी:
चालेल, मागणी बदलते. आणि जुन्या मजकुराची भीती घालू नका. खंड-त, म्हणजे बांगलातला स्वर नसलेला 'त', आधी त, हसन्त आणि झेडडब्ल्यूजे असाच लिहीत होते. २००५ साली, ४.१ आवृत्तीत, त्याला कोड मिळालाच.

दऱ्याखोऱ्या:
तेव्हा बराचसा बांगला मजकूर अजून जुन्या फॉन्टांमध्येच होता, युनिकोडात आला कुठे होता? आता वीस वर्षांचा ढीग साचलाय. तोवर कळफलकावर एक कळ 'ॲ'साठी ठेवून घ्या. एकदा दाबली की तिन्ही कोड पडतात. बोटांना काय कळतंय किती पडले ते.