पांबनचा पूल: रेल्वेनं जावं की मोटारीनं?

काशी झाली, रामेश्वर राहिलंय. गंगेचा गडू चार वर्षं देव्हाऱ्यात आहे. तो रामेश्वरावर घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं आई म्हणते. वय 71, गुडघे दुखतात. मदुराईहून पुढं रेल्वे बरी की मोटार? रामेश्वरच्या बेटाला जोडणारा पांबनचा नवा पूल वर उचलताना टीव्हीवर बघितलाय, तो गाडीतून दिसेल का? आणि तिथनं लंका दिसते का?
– राजारामपुरीकर

जाताना रेल्वे, येताना मोटार.
आमचं लेथचं काम, त्यामुळं 2019 ला मी देवळाआधी पूल बघितला. बायको अजून ऐकवते. तेव्हा 1914 चा जुना पूल चालू होता. गाडी रांगत जायची, दारातनं खाली बघितलं की थेट पाणी. मधली दोन पाती माणसं हातानं दांडे रेटून उघडायची! डिसेंबर 2022 मध्ये त्यावरची रेल्वे थांबली. नवा पूल 6 एप्रिल 2025 ला, रामनवमीला सुरू झाला. त्याचा 72.5 मीटरचा गाळा सरळ 17 मीटर वर जातो. मनोऱ्यांवरनं दोरांनी उलट बाजूला वजनं टांगलीत, म्हणून गाळा उचलणाऱ्या मोटरवर सगळा भार येत नाही. लई देखणं काम.
पण गाळा वर असला की रेल्वे अलीकडंच थांबणार. बघायचा तर शेजारच्या 1988 च्या रस्त्याच्या पुलावरनं. तेही जहाज आलं तर.
– उद्यमनगर

बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी चुकवू नका. पूर्वी मद्रासहून बोट मेल या रेल्वेनं तिथं उतरायचं, आगबोटीनं तलैमन्नार गाठायचं, की लंका. डिसेंबर 1964 च्या वादळात गाव गेलं, प्रवाशांनी भरलेली रेल्वेही. त्यात मोडलेला पांबनचा पूल रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन यांनी 46 दिवसांत उभा केला. लंका मला तरी दिसली नाही, पण मोबाईलला तिकडचं नेटवर्क लागलं. रोमिंग बंद ठेवा.
– कसबा बावडा

आईला सगळं वाचून दाखवलं. पुलाचं तिला काही नाही. रेल्वेच्या हादऱ्यानं गडू सांडणार नाही ना, एवढंच विचारते.
– राजारामपुरीकर

तोंड झाळलेलं असेल तर थेंब सांडत नाही. सुटलं असेल तर दुकानात आणा, झाळून देतो. पैसे नकोत, रामेश्वराला आमचाबी नमस्कार सांगा.
– उद्यमनगर