बिल्डरचा एकतर्फी करार, आणि वर त्यालाच मुदत?

पाथर्डीकर: पाथर्डी फाट्याला फ्लॅट बुक केलाय, करारात आपला हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज आणि पझेशन लांबलं तर बिल्डर देणार चौरस फुटाला ५ रुपये महिना, म्हणजे आमच्या ६५० फुटाला सव्वातीन हजार, त्यात भाडं तरी निघतं का? सही झालीये, आता काही होतं का?

वकीलकाका: सही झाली म्हणून संपलं नाही हो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४६) बघा, अनफेअर कॉन्ट्रॅक्टची, म्हणजे ग्राहकावर अन्याय करणाऱ्या एकतर्फी कराराची व्याख्या आहे. पण निव्वळ करारातली कलमं रद्द करायची असतील तर राज्य ग्राहक आयोगात जावं लागतं, जिल्हा आयोगात सेवेतल्या त्रुटीची तक्रार चालते. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, लक्षात ठेवा.

पाथर्डीकर: आणि बिल्डर तारखांवर तारखा घेत बसला तर?

वकीलकाका: तक्रारीला लेखी उत्तर द्यायला बिल्डरला ३० दिवस, वर जास्तीत जास्त १५. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने मार्च २०२० ला सांगितलंय, ४५ च्या पुढे एक दिवसही नाही.

सिडकोवाला: माझं छोटं दुकान आहे, मला हे जरा कडकच वाटतं राव, उद्या माझ्यावर तक्रार झाली आणि आयोगाची नोटीस गोडाऊनला पडून राहिली तर?

वकीलकाका: दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसकट नोटीस हातात पडल्यापासून, नुसत्या नोटिशीवरून नाही. तेवढं तरी तुमच्या बाजूचं आहे की.