मदत हवी आहे: धाकट्या भावाचे केस गळताहेत, पण गोळीला तो घाबरतो

नमस्कार. मी नागपूरची. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे, वय 24. तो स्वतः कुठे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितेय.

दीड वर्षात त्याच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकले, टाळूवरही विरळ झाले. मे महिन्यात पारा 45 च्या वर, कूलर लावूनही जीव घाबरा होत होता, तरी पोरगा घरात टोपी काढेना. मागच्या आठवड्यात माहेरी, महाल भागात गेले होते. लाइट बिल शोधताना त्याच्या ड्रॉवरमध्ये कागदाच्या बारीक पुड्या सापडल्या. प्रत्येकीवर तारीख. एक उघडली तर आत केस. आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर अडकलेले केस तो गोळा करून, मोजून ठेवत होता. त्या पुडीवर 112 लिहिलं होतं. मी ती होती तशी बांधून ठेवली आणि गच्चीवर जाऊन रडले.

आई म्हणते बोअरचं पाणी जड आहे. न्हावी म्हणतो एकदा गोटा कर, दाट येतील. जिमवाल्याने सांगितलं, तुझ्यात मर्दाचं हार्मोन जास्त आहे म्हणून जातात. हे शेवटचं त्याने धरून ठेवलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्याचं रक्त मीच काढलं. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तेही ठीक. रिपोर्ट बघून म्हणाला, "मग माझेच काहून जातात, ताई?"

धरमपेठेतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी मात्र छान समजावलं. हार्मोन जास्त असावं लागतच नाही. 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन बनवतं, आणि काहींच्या पुढच्या व टाळूवरच्या केसांची मुळं जन्मतःच त्या डीएचटीला फार संवेदनशील असतात. केस गळून पुन्हा येतो तेव्हा दर फेरीला तो आधीपेक्षा बारीक, आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. मागच्या केसांना डीएचटीचा तसा त्रास होत नाही. आमच्या बाबांना मागे झालर आहे ती त्यामुळेच. पाण्याने गेले असते तर मागचेही गेले असते, हे मला तिथेच पटलं.

त्यांनी 5 टक्के मिनॉक्सिडिल लावायला आणि फिनास्टराइड 1 मिलिग्रॅम रोज घ्यायला दिलं. मिनॉक्सिडिल तीन आठवडे लावलं, केस जास्तच गळाले, बंद केलं. गोळ्यांची पट्टी फोडलीच नाही. रात्री मोबाइलवर वाचून त्याने ठरवलं की ही गोळी पुरुषपणच काढून घेते. डॉक्टरांसमोर लाजेने हे विचारलंही नाही.

मी बसून वाचलं. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1942 साली दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले, त्यांना टक्कल पडत नाही; पण टेस्टोस्टेरॉन दिलं की घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागतात. मला जास्त महत्त्वाची वाटली ती डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांची माहिती, 1974 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथल्या काही मुलग्यांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं. वयात आल्यावर त्यांचा आवाज फुटला, अंग भरलं, पण टक्कल पडलं नाही. म्हणजे आवाज आणि पीळदार अंग टेस्टोस्टेरॉनचं काम, टक्कल डीएचटीचं. फिनास्टराइड हे एन्झाइमच अडवतं. अमेरिकेत ते 1992 मध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढण्याच्या त्रासासाठी आणि 1997 मध्ये केसांसाठी मंजूर झालं.

हे मी त्याला कसं सांगू? बहिणीने भावाशी या विषयावर बोलायचं म्हणजे दोघांचीही जीभ अडखळते. ज्यांनी ही गोळी घेतली त्यांनी खरं सांगा, त्रास झाला का? आणि मिनॉक्सिडिलची ती सुरुवातीची गळती थांबते का?

बुटीबोरीकर: ताई, मी चार वर्षं घेतोय. मिनॉक्सिडिलची गळती मला साधारण दीड महिना होती. जुने केस पडून नव्यांना जागा होते, नेमकं तेव्हाच लोक सोडतात. फरक कळायला सहा महिने धरा. मोजणं बंद करायला सांगा, दिवसाला 50 ते 100 केस सगळ्यांचेच पडतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा त्याच ट्यूबलाइटखाली फोटो काढा. गोळीचा मला त्रास झाला नाही. मध्ये एकदा सोडली होती, वर्षभरात पुन्हा होतं तिथे आलो. आणि गोट्याने मुळात काही बदलत नाही, मी दोनदा केला.

त्वचारोग_ओपीडी: मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. फिनास्टराइडने रक्तातलं डीएचटी सुमारे 70 टक्के कमी होतं, टेस्टोस्टेरॉन उलट थोडं वाढतं. पण भावाची भीती खोटी म्हणून उडवू नका. इच्छा कमी होणं, ताठरतेची तक्रार थोड्या जणांना होते, बहुतेकांची गोळी थांबवल्यावर जाते, काही जण ती टिकल्याचं सांगतात. मन उदास होण्याच्याही नोंदी आहेत. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला केसांइतकीच त्याच्या मनाची काळजी वाटते. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना पुड्यांबद्दल नक्की सांगा. नुसतं मिनॉक्सिडिल हाही रीतसर मार्ग आहे. जिममध्ये कुणी इंजेक्शन देत असेल तर तेही विचारा, त्या स्टेरॉइडने टक्कल लवकर पडतं. पुढे लग्न झालं आणि बायको गरोदर असेल, तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. खर्चाची अडचण असेल तर मेडिकल कॉलेजमध्ये किंवा मिहानच्या एम्समध्ये त्वचेची ओपीडी आहे.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर त्याला तुमची उत्तरं वाचून दाखवली. इंजेक्शन घेतलेलं नाही म्हणाला, फक्त प्रोटीन पावडर. पुड्या मी पाहिल्या हेही सांगून टाकलं. बराच वेळ गप्प होता. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टॉर्चने टाळू बघायला लावली. मिनॉक्सिडिल आजपासून परत सुरू. गोळीचं सोमवारी डॉक्टरांशी तोच बोलणार आहे, मी बाहेर बसेन. निघताना त्यानेच विचारलं, "पुड्या सोबत न्यायच्या का, ताई?"